टाकीत चुकीचं इंधन पडलं, तर किल्लीला हात लावू नका

२०२५च्या गणपतीच्या दोन दिवस आधीची संध्याकाळ. चेंबूरकडच्या एका पंपावर रांग पार रस्त्यापर्यंत आली होती, कारण त्या रात्री ज्याला त्याला पनवेल ओलांडून कोकणाच्या वाटेला लागायचं होतं. मी ताईची गाडी घेऊन उभा होतो. माझी स्वतःची गाडी पेट्रोलची, ताईची डिझेलची. पंपावरच्या मुलाने विचारलं, ‘कितना?’ मी म्हणालो, ‘फुल टँक.’ त्यापुढे मी काही बोललो नाही, त्यानेही काही विचारलं नाही. मीटर फिरायला लागला आणि शेजारी बसलेली ताई एकदम म्हणाली, ‘अरे, रेट एकशे तीन कसा दिसतोय? आपलं डिझेल आहे ना?’ तोवर नऊ लिटर पेट्रोल आत गेलं होतं.

मागून हॉर्न सुरू झाले. मुलगा घाबरून म्हणाला, ‘कुछ नहीं होता साब, ऊपर से डिझेल डाल देता हूँ.’ निदान गाडी बाजूला तरी घेऊ, म्हणून माझा हात किल्लीकडे गेला. तेवढ्यात मागच्या टेम्पोचा ड्रायव्हर उतरून खिडकीशी आला. ‘किल्ली फिरवू नका! न्यूट्रलला टाका, ढकलू या.’ तिघांनी ढकलत गाडी हवा भरायच्या जागेपाशी नेली. त्या माणसाचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही, पण ताईच्या गाडीचं इंजिन त्याच्या त्या एका वाक्याने वाचलं.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये जे शिकलो, ते इथे पायरीपायरीने लिहितो आहे. पंपावर उभं असताना ज्या क्रमाने गोष्टी समोर येतात, त्याच क्रमाने.

किल्ली का फिरवायची नाही

इंधन टाकीत पडलं म्हणजे ते इंजिनात गेलं असं नाही. टाकीत ते नुसतं पडून असतं. किल्ली ‘ऑन’वर नेली की मात्र टाकीतला छोटा विजेचा पंप काही सेकंद आपोआप चालतो आणि इंधन पुढच्या नळ्यांमध्ये ढकलतो. सेल्फ मारायचीही गरज नसते. म्हणून ‘चालू नाही केली, फक्त किल्ली फिरवून काटा बघितला’ हेसुद्धा महागात पडतं. काही नव्या गाड्यांमध्ये तर ड्रायव्हरचं दार उघडलं तरी हा पंप चालतो, त्यामुळे दार उगाच उघडझाप करू नका.

डिझेल गाडीत पेट्रोल पडणं हे उलट्या चुकीपेक्षा जास्त घातक. आजच्या डिझेल गाड्यांत कॉमन रेल पद्धत असते. त्यात हाय प्रेशर पंप इंधनाला १६०० ते २००० बार इतक्या दाबाने ‘रेल’ या सामायिक नळीत आणि तिथून इंजिनात फवारा मारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत पोहोचवतो. तुलनेला, आपल्या टायरमधली हवा असते जेमतेम सव्वादोन बार. एवढ्या दाबात एकमेकांवर घासणाऱ्या लोखंडी भागांना वंगण कुठून मिळतं? खुद्द डिझेलमधून. या पंपाला वेगळं ऑइल नसतं.

गॅरेजमधल्या मिस्त्रींनी हे मला ज्या तऱ्हेने दाखवलं, ते विसरणं शक्य नाही. त्यांनी माझ्या एका बोटावर डिझेलचा थेंब टाकला, दुसऱ्यावर पेट्रोलचा. ‘आता अंगठ्याने चोळा.’ डिझेलचं बोट गुळगुळीत, तेलकट. पुसलं तरी बुळबुळीतपणा जाईना. पेट्रोलच्या बोटाला आधी गारवा लागला, मग थेंब उडून गेला आणि कातडी कोरडी, खरखरीत झाली. ‘पंपाचं आत असंच होतं,’ ते म्हणाले. पेट्रोल वंगण तर देत नाहीच, आधीचं असलेलंही धुऊन नेतं. मग धातूवर धातू घासतो, त्याचा बारीक चुरा सुटतो आणि तो चुरा इंधनाबरोबर रेल, इंजेक्टर, परतीची नळी असं करत सगळीकडे फिरतो. एकदा चुरा फिरला की नुसती टाकी धुऊन भागत नाही.

म्हणूनच ‘वरून डिझेल टाकून पातळ करू’ हा सल्ला ऐकू नका. देणारा बहुतेक वेळा वाईट हेतूने देत नाही. रांग लागलेली असते आणि त्याला नोकरीची भीती असते. पण नऊ लिटर पेट्रोल तीस लिटर डिझेलमध्ये मिसळलं तरी ते पेट्रोल नऊ लिटरच राहतं. किती चालेल, किती नाही, हा हिशोब पंपावर उभ्या उभ्या करण्यासारखा नाही.

पंपावरची पहिली दहा मिनिटं

आधी मोठ्याने ‘थांब’ म्हणा. नॉझल बाहेर आलं की मीटरचा फोटो काढायचा. मीटरवर किती लिटर, काय दर आणि कोणतं इंधन हे तिन्ही दिसतं, पण पुढच्या गाडीला भरायला सुरुवात झाली की आकडे शून्यावर जातात. म्हणून हे काम लगेच. पंपाच्या यंत्रावर नॉझलचा नंबर असतो, तोही फोटोत येऊ द्या. पंपावर फोन वापरायला मनाई असते. म्हणून वेंटपासून (जमिनीखालच्या टाक्यांची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीपासून), नॉझलपासून दूर उभं राहून, झूम करून एकच फोटो घ्या, आणि पुढचे सगळे कॉल पंपाच्या आवाराबाहेर येऊन करा.

मग गाडी ढकलायची. मॅन्युअल गाडी असेल तर न्यूट्रल, हँडब्रेक खाली. स्टिअरिंग लॉक असेल तर किल्ली फक्त पहिल्या खाचेपर्यंत फिरवा. तिथे स्टिअरिंग मोकळं होतं, इंधनाचा पंप चालत नाही. त्याच्या पुढे नाही. बटण-स्टार्ट गाडीत ब्रेकवर पाय न ठेवता बटण एकदाच दाबलं की बहुतेक गाड्या याच अवस्थेत येतात; दुसऱ्यांदा दाबलं की ‘ऑन’. हात थरथरत असतो, म्हणून मोजून दाबा. ऑटोमॅटिक गाडीत अडचण जास्त. गिअर ‘पी’तून ‘एन’मध्ये आणायला अनेकदा इग्निशन ऑन लागतं, आणि तेच तर नको आहे. अशा बऱ्याच गाड्यांत गिअरच्या दांडीजवळ एक छोटं झाकण असतं, ‘शिफ्ट लॉक’ सोडायचं. त्यात किल्लीचं टोक किंवा पेचकस दाबला की गिअर हलतो. गाडीच्या पुस्तिकेत त्याचं चित्र असतं. ते जमत नसेल तर गाडी आहे तिथेच राहू द्या. मॅनेजरला शांतपणे सांगा की हे नॉझल थोडा वेळ बंद ठेवा. रांगेतले लोक चिडतील. चिडू द्या. दहा मिनिटांच्या हॉर्नपेक्षा हाय प्रेशर पंप महाग आहे.

बिल घ्या. ‘चूक त्यांची, मी पैसे का देऊ?’ हा राग मलाही आला होता. पण बिलाशिवाय पुढे काहीच सिद्ध होत नाही. बिलावर बऱ्याचदा ‘पेट्रोल’ आणि ‘डिझेल’ असे शब्द नसतात. ‘एमएस’ म्हणजे मोटर स्पिरिट, आपलं पेट्रोल. ‘एचएसडी’ म्हणजे हाय स्पीड डिझेल. आपल्या डिझेल गाडीच्या नंबरासमोर ‘एमएस’ छापून आलं, तर तोच पुरावा. पैसे भरा, बिल घ्या आणि पंपावरच्या तक्रारवहीत तारीख, वेळ, गाडीचा नंबर, किती लिटर काय पडलं आणि ‘इंजिन सुरू केलेलं नाही’ हे शब्द लिहून त्या पानाचा फोटो काढा. तक्रारवही प्रत्येक पंपावर ठेवावी लागते. मागितली की देतात, थोडं ठाम राहावं लागतं. मॅनेजरला त्याच वेळी लेखी सांगा की सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवावं, कारण जुनं चित्रण पुसलं जातं.

मग फोन. गाडीच्या कंपनीची किंवा विम्यातली रोडसाइड असिस्टन्स असेल तर आधी तिथे. ‘गाडी बंद पडली’ असं सांगू नका. ‘डिझेल गाडीत पेट्रोल पडलंय, इंजिन चालू केलेलं नाही, फ्लॅटबेड पाठवा’ असं सांगा. फ्लॅटबेड म्हणजे गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रक. नाहीतर पाना-पेचकस घेतलेला माणूस येतो आणि पहिली गोष्ट करतो ती म्हणजे सेल्फ मारून बघतो. ऑटोमॅटिक आणि फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या तर चाकं जमिनीवर ठेवून ओढू नयेतच.

एक गोष्ट कळकळीने: तोंडाने नळी ओढून टाकी रिकामी करायला कोणालाही सांगू नका, कोणी तयार झाला तरी करू देऊ नका. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं. आणि डिझेलमध्ये मिसळलेलं पेट्रोल हे आगीच्या बाबतीत पेट्रोलच समजायचं. डिझेलची वाफ सहज पेट घेत नाही. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट घेऊ शकते. मुंबईच्या उकाड्यात मिसळलेली टाकी रस्त्याकडेला बादलीत उपसणं म्हणजे आगीशी खेळ. उपसलेलं इंधन गटारात ओतणं तर त्याहून वाईट; आपली गटारं नाल्यांना मिळतात आणि नाले खाडीला. ते गॅरेजच्या ताब्यात द्या. घरच्या स्कूटरलाही वापरू नका.

निघून गेल्यावर लक्षात आलं तर

बहुतेकांना इथेच कळतं. नळ्यांत आधीचं चांगलं इंधन शिल्लक असल्याने गाडी पंपावरून व्यवस्थित निघते आणि किलोमीटर-दोन किलोमीटरनंतर रंग दाखवते. डिझेल गाडीत पेट्रोल गेलं असेल तर आवाज बदलतो, खडखड वाढते, ॲक्सिलरेटर दाबूनही जोर येत नाही, इंजिनाचा दिवा लागतो, मग गाडी बंद पडते. बंद पडल्यावर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. प्रत्येक सेल्फ म्हणजे त्या कोरड्या पंपाची आणखी काही फिरकी.

खडखड ऐकू आली की डावीकडे घ्या, इंजिन बंद, हजार्ड चालू. ‘पुढच्या सिग्नलपर्यंत नेतो’ नको. ईस्टर्न फ्रीवे, वांद्रे-वरळी सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू अशा ठिकाणी थांबायला जागा नसते आणि मागून गाड्या वेगात येतात. तिथे इंजिनापेक्षा माणसं महत्त्वाची. उतारावर किंवा उरलेल्या वेगावर जितकं डावीकडे जाता येईल तितकं जा, सगळ्यांना डाव्या दाराने उतरवा, कठड्यालगत गाडीपासून लांब उभे राहा. गाडी चालू लेनमध्ये अडकली असेल तर ११२ लावा.

पेट्रोल गाडीत डिझेल

ही चूक कमी होते. डिझेलचं नॉझल सहसा जाड असतं आणि पेट्रोल गाडीच्या टाकीच्या तोंडात नीट बसत नाही. पेट्रोलचं बारीक नॉझल मात्र डिझेल गाडीत आरामात शिरतं. नॉझल बसत नसताना कोणी बाहेरूनच धार धरून भरत असेल, तर तिथेच थांबवा.

पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटतं. डिझेल तिथे नीट वाफाळत नाही, अर्धवट जळतं, स्पार्क प्लग काळे होतात, पांढुरका-करडा धूर येतो, गाडी झटके देते. नुकसान सहसा आवाक्यातलं: टाकी रिकामी करणं, नळ्या धुणं, प्लग साफ करणं किंवा बदलणं. तशीच बराच वेळ रेटली असेल तर न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरवरही बसतं, म्हणून ऑइल बदलायला लावा. किल्लीचा नियम मात्र तोच.

मुंबईत सीएनजीच्या गाड्या खूप, त्यांच्यासाठी दोन ओळी. गॅसचं नॉझल वेगळंच असतं, तिथे गल्लत होत नाही. पण त्यांच्या पेट्रोलच्या छोट्या टाकीत डिझेल पडू शकतं. तेव्हा ‘गॅसवर नेऊ की घरी’ असं वाटतं. बहुतेक सीएनजी गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होतात आणि मग गॅसवर जातात. थेट गॅसवर सुरू होणारी मॉडेल थोडी. त्यामुळे तो मोह टाळा.

काही बीएस-६ डिझेल गाड्यांत डिझेलच्या झाकणाशेजारी निळं झाकण असतं, धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या डीईएफचं (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड). ते ३२.५ टक्के युरियाचं पाण्यातलं द्रावण आहे. ते डिझेलच्या टाकीत गेलं तर स्फटिक धरून नळ्या तुंबवतं. तिथेही किल्ली नाही, फ्लॅटबेडच. उलट ९५ ऑक्टेनचं महागडं पेट्रोल चुकून साध्या पेट्रोल गाडीत पडलं, तर काहीही करायची गरज नाही. फक्त पैसे जास्त गेले.

गॅरेजमध्ये काय करून घ्यायचं

ताईच्या गाडीची मागची सीट उचलली, खालचं गोल झाकण उघडलं आणि टाकीतला पंप नळ्यांसकट बाहेर आला. तिथून सगळं इंधन पंपाने कॅनमध्ये काढलं. हीच रीत योग्य. वरच्या तोंडातून नळी टाकून टाकी पूर्ण रिकामी होत नाही. बऱ्याच गाड्यांत तिथे जाळी असते आणि तळाला दोन-चार लिटर राहतंच. काही गाड्यांना झाकण नसतं, मग टाकी खाली उतरवावी लागते.

त्यानंतर थोडं स्वच्छ डिझेल टाकून टाकी खंगाळायची, पुन्हा काढायची, फिल्टर नवा. इंजिन चालू झालं असेल तर नळ्या आणि परतीची लाइनही धुवायची. इथे एक मागणी जरूर करा: जुना फिल्टर माझ्यासमोर कापा. मिस्त्रींनी तो कापून त्याची घडी पांढऱ्या फडक्यावर उलगडली आणि बॅटरीच्या उजेडात धरली. चकाकणारे कण दिसले, तर हाय प्रेशर पंपाने आतून चुरा सोडला आहे असं समजायचं. आमच्या फडक्यावर नुसते तेलाचे डाग होते. चमक दिसली तर मात्र पंप, रेल, इंजेक्टर हे सगळं तपासून घ्यावं लागतं. एकटा पंप बदलून उरलेला चुरा नव्या पंपाच्या वाट्याला जातो. किल्ली न फिरवता आणलेल्या गाडीचं काम हजारांत उरकतं. पंप आणि इंजेक्टर बदलायची वेळ आली की गोष्ट लाखांवर जाऊ शकते.

जॉब कार्डवर ‘चुकीचं इंधन, इंजिन सुरू केलेलं नाही’ असं लिहून घ्या. सुरू झालं असेल तर तेही खरं लिहा, किती किलोमीटर ते सकट, म्हणजे तपासणी त्या अंगाने होईल. बदललेले भाग परत मागा. गाडी मिळाल्यावर लगेच लांबच्या प्रवासाला निघू नका. आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चेंबूर ते ठाणे एक फेरी मारली, आवाज, धूर, दिवा बघितला आणि मगच रात्री निघालो. बाप्पा येण्याच्या आदल्या रात्री उशिरा गावी पोहोचलो.

पैशांचं काय

साध्या मोटर विम्यात यांत्रिक बिघाड सहसा धरत नाहीत, आणि चूक कळूनही गाडी चालवली तर त्यातून वाढलेलं नुकसान विमा कंपनी नाकारते. रोडसाइड असिस्टन्समध्ये चुकीच्या इंधनासाठी मदत असेल, तर ती गाडी उचलून नेण्यापुरतीच आहे की टाकी साफ करण्याचाही खर्च त्यात आहे, हे पॉलिसीत आजच वाचून ठेवा.

तुम्ही स्पष्ट ‘डिझेल’ म्हणालात आणि पेट्रोल भरलं, तर ती सेवेतली त्रुटी आहे. आधी पंपमालकाला बिल, फोटो आणि गॅरेजचा खर्च जोडून लेखी पत्र द्या. पंपावर तेल कंपनीच्या अधिकाऱ्याचा संपर्क लावलेला असतो, त्यांना प्रत पाठवा. बहुतेक प्रकरणं इथे मिटावीत, कारण पंपाला कंपनीसमोर जायचं नसतं. नाहीच मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. मुंबई ग्राहक पंचायत १९७५पासून लोकांना अशा तक्रारी लिहायला मार्गदर्शन करते, त्यांना जरूर विचारा. मी स्वतः ‘डिझेल’ हा शब्द उच्चारलाच नव्हता, म्हणून खर्च पंपमालकाशी बोलून अर्धा-अर्धा केला. मला ते रास्त वाटलं.

पुढच्या वेळी पंपावर

गल्लत सर्वांत जास्त होते ती दुसऱ्याची किंवा भाड्याची गाडी हातात असताना, आणि एकाच नावाच्या गाड्यांत. इनोव्हा क्रिस्टा बहुतेक डिझेलवर चालतात, इनोव्हा हायक्रॉस पेट्रोलवर. पंपावरच्या मुलाला दोन्ही ‘इनोव्हा’च. जुनी स्विफ्ट डिझेल असू शकते. मारुतीने एप्रिल २०२०पासून डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे नव्या मुलांना स्विफ्ट म्हणजे पेट्रोल वा सीएनजी हेच माहीत असतं. नावांचाही घोळ आहे: ‘स्पीड’ हे एका कंपनीचं पेट्रोल आणि ‘हाय स्पीड’ म्हणजे डिझेल. म्हणून ब्रँडचं नाव घेऊन मागूच नका. काचेवरचा रंगीत स्टिकरही उपयोगी पडतो: डिझेलसाठी केशरी, पेट्रोल आणि सीएनजीसाठी फिकट निळा. अनोळखी गाडी घेतली की आधी तो बघा.

आणि टाकीचं झाकण आतून उघडायची कळ आपल्या हातात असते, तिचा उपयोग करा. पंपावरच्या दादाने योग्य नॉझल हातात घेईपर्यंत ती ओढायचीच नाही. खाली उतरा, ‘दादा, डिझेल, दोन हजारांचं’ असं म्हणा, तो ‘डिझेल’ म्हणेपर्यंत थांबा, झिरो बघा आणि झिरोबरोबर दरही बघा. २०२५मध्ये मुंबईत पेट्रोल १०३ रुपयांच्या पुढे होतं, डिझेल ९०च्या आसपास; एवढा फरक डोळ्यात भरतोच. ताईने आता झाकणाच्या आतल्या बाजूला मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत ‘डिझेल’ रंगवून घेतलंय, आणि गाडी कोणाला देताना किल्ली हातात ठेवण्याआधी ती तो शब्द त्याच्याकडून एकदा म्हणवून घेते.